विशेष बालकांचे दात आणि गुंगीचे औषध

बोलू न शकणारे मूल एकाएकी भात एकाच बाजूने चावू लागले, गालावर हात मारून घेऊ लागले, तर त्यास हट्टी म्हणण्यापूर्वी शिक्षकांनी त्याची दाढ पाहवून घ्यावी.

असे मूल दंतवैद्याच्या खुर्चीवर स्थिर बसत नाही. ते केवळ बुजत असेल, तर दोन-तीन वेळा नुसते आरसा व खुर्ची दाखवून आणावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते. अनेक दाढा किडल्या असल्यास मात्र रुग्णालयात भूल देऊन एकाच वेळी काम उरकणे इष्ट ठरते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल आढळतो; २०१६ च्या कायद्याने तो दिव्यांगत्वात गणला आहे. अशा बालकास दीर्घकाळ पाण्याविना ठेवले, थंडी बाधली किंवा प्राणवायू कमी पडला, तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून असह्य वेदना सुरू होतात. भुलीपूर्वी सामान्यतः अन्न सहा तास बंद असते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. घरची मंडळी भीतीपोटी रात्रीपासूनच पाणी तोडतात! यास्तव तपासणीचे कार्ड दंतवैद्यास आधीच दाखवावे व पाण्याची वेळ लिहून घ्यावी. फेफऱ्याचे नित्याचे औषधही आपल्या मनाने थांबवू नये. संमतीची सही पालकांचीच. शिक्षकांनी त्यांस कागद वाचून दाखवावा.