निळ्या चिन्हाखालचा कागद : आंतरराष्ट्रीय संस्थांतील अर्ज आणि करार

(अमळनेर येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक नोकरीच्या अर्जांवर बोलणार म्हटल्यावर काहींना गंमत वाटली असेल. वाटू द्या. पण या विषयात आम्ही एक चूक केलेली आहे आणि तिची किंमत आमच्या एका विद्यार्थ्याने मोजली. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हा विद्यार्थी पारोळ्याकडचा. घरी कोरडवाहू शेती. तो बँकेत कायम नोकरीला होता. एके दिवशी एका आंतरराष्ट्रीय संस्थेचे पत्र घेऊन आमच्याकडे आला. पत्रावर निळे चिन्ह, पगाराचा आकडा बँकेच्या दुप्पट. "सर, जाऊ का?" आम्ही म्हणालो, "विचारतोस काय? जा!" त्याच्या आईने मात्र दारातूनच विचारले होते, "नोकरी पक्की शे का, भाऊ?" आम्ही हसून मान हलवली. पत्र पूर्ण वाचले नव्हते. आठ महिन्यांनी प्रकल्पाचा निधी संपला, करार संपला. भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही, आणि बँकेची खुर्चीही गेलेली. आज तो बरा आहे, स्वतःच्या पायावर उभा आहे. पण त्या माऊलीने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि आमचे उत्तर चूक होते.

तर आज आपण तोच प्रश्न नीट समजून घेऊ.

तीन दारे

आधी एक गैरसमज काढून टाकू. वर्तमानपत्रात आपण मोठी नावे वाचतो. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते. नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथे घातला गेला. पुढे विजय केळकर नाणेनिधीत कार्यकारी संचालक होते. अभिमान जरूर बाळगावा, पण ही पदे देशाच्या वतीने भरली जातात. पोर्टलवर अर्ज करून ती मिळत नाहीत. तुमच्याआमच्या मुलांसाठी दारे वेगळी आहेत.

संयुक्त राष्ट्रांत पदांच्या तीन मुख्य श्रेणी ध्यानात ठेवा. पहिली 'पी' श्रेणी, म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिकारी. पी-२ ला साधारण पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव, पी-३ ला पाच वर्षे, पी-४ ला सात, पी-५ ला दहा. इथे स्पर्धा साऱ्या जगाशी असते. दुसरी 'एनओ' श्रेणी, राष्ट्रीय अधिकारी. ही पदे त्या त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात. भारतातल्या पदावर भारतीयच. तिसरी 'जी' श्रेणी, म्हणजे कार्यालयीन साहाय्य, लेखा, वाहतूक वगैरे. तीही स्थानिक पातळीवर भरतात.

आमची मुले काय करतात? थेट जिनिव्हाच्या पी-४ ला अर्ज टाकतात आणि उत्तर आले नाही की हिरमुसतात. अहो, नंदुरबारमध्ये कुपोषणावर, धुळ्यात लसीकरणावर, जळगावात पाणी-सिंचनावर पाच वर्षे काम केलेला माणूस राष्ट्रीय पदासाठी फार मोलाचा असतो. अहिराणी, पावरी बोलता येते, पाड्यावर रात्र काढलेली आहे, हा अनुभव न्यूयॉर्कमध्ये बसून मिळत नाही. तो अर्जात लिहा. लाजू नका.

पदवी नुकतीच झालेल्यांसाठी 'यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम' नावाची परीक्षा आहे. वयाची मर्यादा ३२ वर्षे. पण ज्या देशांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशांचीच यादी दरवर्षी निघते. त्या वर्षी भारत यादीत आहे का, हे आधी पाहा. मग पुस्तके उघडा.

करार कोणता?

आता मुद्द्याचे. हा विषय आपल्याला नवा नाही बरं का. तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, शिक्षणसेवक, अकरा महिन्यांची नेमणूक, आशाताईंचे मानधन : एकाच इमारतीत, एकच काम करणारी माणसे किती वेगवेगळ्या कागदांवर उभी असतात, हे खानदेशात घरोघरी माहीत आहे. तिकडेही तसेच आहे. फक्त नावे इंग्रजी आहेत.

मोठी रेघ एकच. तुम्ही 'कर्मचारी' आहात की नाही?

कर्मचाऱ्यांच्या नियुक्त्या संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात २००९ पासून तीन प्रकारच्या आहेत. टेम्पररी, म्हणजे एक वर्षाच्या आतली. फिक्स्ड टर्म, म्हणजे एक ते पाच वर्षांची, पुन्हा वाढवता येणारी. आणि कंटिन्युइंग, म्हणजे अंतिम मुदत न घातलेली. यातील फिक्स्ड टर्मबाबत नियम स्पष्ट आहे : मुदतवाढीची कोणतीही अपेक्षा, कायदेशीर किंवा अन्य, धरता येत नाही. तरीही कर्मचाऱ्याला संरक्षण पुष्कळ असते. नेमणूक सहा महिन्यांची वा अधिक असेल तर तो पेन्शन निधीत जातो. पाच वर्षे भरली की निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का होतो. रजा आहे, आरोग्य विमा आहे. अन्याय झाला तर दाद मागायला संस्थेचे स्वतःचे न्यायाधिकरण आहे.

रेघेच्या पलीकडे कोण? सल्लागार, म्हणजे कन्सल्टंट. वैयक्तिक कंत्राटदार. जागतिक आरोग्य संघटनेत 'एसएसए', यूएनडीपीमध्ये 'एनपीएसए', यूएनओपीएसमध्ये 'आयसीए', अशी ज्याची त्याची आद्याक्षरे. काही करारांत रजा, विमा मिळतो, काहींत काहीच नाही. पण नियमाच्या भाषेत ही मंडळी कर्मचारी नव्हेत. न्यायाधिकरणाचे दार त्यांना सहसा बंद असते. वाद झाला तर लवादाकडे जावे लागते. आणि संस्थेला कायद्याने विशेषाधिकार असल्यामुळे धुळ्याच्या कोर्टात दावा टाकून उपयोग होत नाही.

कराचेही तसेच. आपल्याकडे १९४७ चा संयुक्त राष्ट्रे विशेषाधिकार कायदा आहे. त्यानुसार संस्थेच्या अधिकाऱ्याचा पगार प्राप्तिकरातून मुक्त. सल्लागाराच्या फीला ती सवलत नाही. म्हणजे दोघांच्या पत्रावर लाखाचाच आकडा असला, तरी हातात पडणारा लाख सारखा नसतो.

आणखी एक प्रकार म्हणजे यूएन व्हॉलंटिअर. मुख्यालय जर्मनीत बॉनला. नाव स्वयंसेवक असले तरी निर्वाह भत्ता, विमा, रजा मिळते. पहिला अनुभव म्हणून चांगले. सचिवालयातली इंटर्नशिप मात्र बिनपगारी असते; न्यूयॉर्कचा खर्च घरून करावा लागतो.

करार लहान म्हणून काम लहान, असे कुणी समजू नये. आपल्या देशातले पोलिओचे उदाहरण घ्या. १९९७ मध्ये भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी राष्ट्रीय पोलिओ निगराणी प्रकल्प सुरू केला. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणाऱ्या त्या डॉक्टरांपैकी अनेकांच्या हाती असाच विशेष सेवा करार होता. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. केवढे काम! आणि ते करणाऱ्या कितीतरी जणांची नोकरी पुढच्या निधीवर टांगलेली. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली, तेव्हा संघटनेला माणसे कमी करावी लागली. वॉशिंग्टनमध्ये सही होते आणि धुळ्यातल्या घराचा हप्ता थकतो. म्हणून निधी कुणाचा आणि कधीपर्यंतचा, हे मुलाखतीत विचारणे उद्धटपणा नाही. तो तुमचा हक्क आहे.

अर्ज भरताना

जाहिरातीतल्या अटी एकेक करून कागदावर उतरवा आणि प्रत्येकीसमोर स्वतःचे एक काम लिहा. 'जनजागृती केली' असे मोघम नको. किती गावे, काय अडले, तुम्ही काय केले, काय बदलले, हे लिहा. मुलाखतही अशीच असते : "असा प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही..." आणि तिथे 'आम्ही केले' चालत नाही. आम्हाला जन्मभर 'आम्ही' म्हणायची सवय, म्हणून मुद्दाम सांगतो : तिथे 'मी' म्हणा.

अंतिम वेळ बहुधा तिकडच्या घड्याळाची असते. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

आणि हे घरी जाऊन सगळ्यांना सांगा. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. अर्जाला नाही, मुलाखतीला नाही, प्रशिक्षणाला नाही. कुणी 'प्रोसेसिंग फी' मागितली की समजा, तो ठग आहे. शेत गहाण टाकण्याआधी एवढे एक वाक्य आठवा.

शेवटी एक प्रश्न

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "मग अशी नोकरी घ्यावी की नाही?"

ताई, घ्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे शंभरावे कलम सांगते की तिथला कर्मचारी आपल्या कामात कोणत्याही सरकारकडून आदेश घेत नाही. साऱ्या जगाचे काम करायचे, ही कल्पनाच मोठी आहे. ध्येयासाठी धोका पत्करणे आम्हाला मान्य आहे. फक्त तो पत्करणाऱ्याला ठाऊक असला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याला ठाऊक नव्हता. आम्ही सांगितला नाही.

म्हणून सही करण्याआधी पाच गोष्टी वाचा : मी कर्मचारी आहे का, मुदत किती, निधी कुणाचा, विमा-पेन्शन आहे का, वाद झाला तर कुठे जायचे. उत्तरे घरच्यांना आपल्या भाषेत समजावून सांगा. आईला सांगता आले, तर करार तुम्हाला कळला.