तुरुंगाबाहेरची शिक्षा
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ‘सामुदायिक सेवा’ ही नवी शिक्षा आणली. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि मुद्देमाल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजोपयोगी काम, तेही बिनपगारी. काम कुठे, किती तास, देखरेख कोणाची? संहिता गप्प आहे; खरी कसोटी जिल्ह्याजिल्ह्यांत.

तुरुंग टाळण्याची दुसरी वाट म्हणजे परिवीक्षा. तिचा केंद्रीय कायदा तर १९५८ चा, आणि बराचसा विसरलेला! चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर दोषी घरीच राहतो, फार तर तीन वर्षे. जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर एकवीस वर्षांखालील दोषीला तुरुंगात धाडताना न्यायाधीशाला कारणे नोंदवावी लागतात.