कॉन्व्हेंटमधला एक मंगळवार

पहाटे पावणेपाचला गजर होतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळीच्या वाड्यांमध्ये आमचं कॉन्व्हेंट आहे. या वेळी बाहेर विहिरीवरचा पंप चालू झालेला असतो आणि पहाटेची लोकल गाठायला निघालेल्या भाजीवाल्या बायांच्या रिक्षा रस्त्यावरून जात असतात. आम्हा सिस्टरांच्या आधी गाव उठलेलं असतं. हे मुद्दाम सांगते, कारण व्रतं घेतली म्हणजे माणूस जगापासून दूर गेलं, असा समज अजून पुष्कळांचा आहे.

साडेपाचला चॅपलमध्ये सकाळची प्रार्थना. स्तोत्रं दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणायची, मग अर्धा तास ध्यान. ध्यान रोज लागतंच असं नाही. झोप येते, न आलेल्या शिक्षिकेचे तास कोणाला द्यायचे ते आठवतं, गावाकडच्या आईचं दुखणं आठवतं. तरीही बसायचं. ‘देवाने हाक दिली आणि मी आले’ हे एका वाक्यात सांगता येतं. त्या हाकेला ‘हो’ मात्र रोज पहाटे नव्याने म्हणावं लागतं. माझ्या मते पाचारणाचं खरं काम या अर्ध्या तासात होतं. दिवसभरात जे लोकांना दिसतं ते त्याच्या पुढचं.

साडेसहाला चर्चमध्ये मिस्सा, मराठीतून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली, त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आज्या पुढच्या बाकांवर बसून वाचन कान देऊन ऐकतात. आज पहिलं वाचन माझ्याकडे आहे.

आठ ते दोन शाळा. शाळेचा दिवस कुठल्याही शाळेसारखाच, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बाराला चर्चची घंटा झाली की मनातल्या मनात अँजेलस म्हणते. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं आहेत, फळ्यावरचं काम थांबत नाही. पगाराबद्दल मात्र सांगायला हवं. आमच्या कष्टाची मिळकत संस्थेची असते, तसा चर्चचा कायदाच आहे. चप्पल तुटली किंवा प्रवासाला पैसे लागले तर सुपिरियरकडे मागायचे. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या व्रतस्थांच्या पगारातून आयकर कापलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. पगार आमच्याजवळ राहत नाही, ही बाजू तिथे टिकली नाही. कायद्याने सांगितलेला कर भरायचा. पण चाळिशी ओलांडलेल्या, शिकलेल्या बाईने रिक्षाभाड्यासाठी हात पुढे करायचा, हे दारिद्र्याच्या व्रतातलं मला सगळ्यात अवघड गेलं. आज्ञापालनही त्यातच आलं.

तीनला मी आजाऱ्यांकडे निघते. धर्मग्राम मोठा, फादर दोघेच. म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन नेण्याची जबाबदारी आम्हा सिस्टरांनाही दिलेली आहे. छोट्या सोनेरी डबीत ख्रिस्तशरीर असतं. ते जवळ असताना वाटेत गप्पा मारायच्या नाहीत. लोकांना ठाऊक आहे, तेही नुसती मान लववतात.

पहिल्याच घरी लाल लुगड्यातली आजी वाट बघत असते. सुनेने टेबलावर पांढरं कापड घालून क्रूस आणि मेणबत्ती मांडून ठेवलेली असते. घर दुमजली, नवंकोरं. एक नातू कॅनडात, एक आखातात. वरचा मजला कुलूपबंद. प्रार्थना दहा मिनिटांत होते. नंतरचा वेळ मी नुसती बसते. वाडीतल्या सुपाऱ्या कोणी काढल्या, जमिनीला बिल्डर किती देतो, कोणाची सोयरीक मोडली, हे सगळं ऐकून घेते. हा वेळ कुठल्याही अहवालात दाखवता येत नाही, आणि घाई असली तरी मी तो कमी करत नाही. डॉक्टर येतो तो रक्तदाब बघून जातो, मुलं व्हिडिओ कॉल करतात. तिच्याजवळ बसणारं माणूस तिला आठवड्यातून एकदाच मिळतं.

आज निघताना तिने हात धरून ठेवला. “सिस्टर, तुमच्यामागं कोण येणार आता?”

मला उत्तर देता आलं नाही. तिच्या पिढीत घरात सहा-सात मुलं, त्यातली एखादी कॉन्व्हेंटात जायची. आता घरोघरी एक किंवा दोन.

साडेपाचला दृढीकरणाच्या तयारीला मुलं येतात. त्यांना संत गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगितली. वसईत जन्मला, जपानात व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. 1862 साली तो संत घोषित झाला. भारतात जन्मलेला पहिला संत. “म्हणजे तो फादर होता?” एकाने विचारलं. नव्हता, ब्रदर होता. वेदीवर मिस्सा न करताही सगळं आयुष्य देवाला देता येतं, हे आपल्याच गावच्या माणसाने चारशे वर्षांपूर्वी दाखवलं आहे.

वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. सिस्टर व्हायला किती वर्षं लागतात, तिने विचारलं. आधी काही काळ उमेदवारी, मग निदान बारा महिने नोव्हिशिएट, मग निदान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतरच कायमची. तोवर परत जायला वाट मोकळी असते. “घरी सांगू नका हं,” ती म्हणाली.

सातला सायंप्रार्थना, आठला जेवण. मग आम्ही भाजी निवडत हसतो, भांडतोही. नऊला झोपण्यापूर्वीची प्रार्थना, त्यानंतर मौन.

त्या मुलीचं ‘घरी सांगू नका’ डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. पुनरुत्थानकाळाच्या चौथ्या रविवारी, 1964 साली पोप सहावे पॉल यांनी सुरू केलेल्या पाचारण दिनी, आपण सगळे नव्या पाचारणांसाठी प्रार्थना करतो. ती करताना मनात शेजारच्याची मुलगी असते, आपली नसते. आईवडिलांनो, तुमच्या मुलीने आमच्या मे महिन्यातल्या पाचारण शिबिराला जाऊ का विचारलं, तर तिला गप्प करू नका. येऊ द्या. चार दिवस राहून ती घरी परतली तरी आमची काही तक्रार नाही.