किल्ली, ठिणगी आणि मोटार

मोटारीत बसावे, किल्ली फिरवावी आणि इंजिन सुरू व्हावे, ही क्रिया शहरी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. लक्ष जाते ते किल्ली फिरवूनही गाडी गप्प राहिली तरच. ही व्यवस्था आजच्या रूपात यायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. या काळात चालकाचे कष्ट कमी होत गेले. मात्र त्याच वेळी किल्लीवरची जबाबदारी किती वाढली, हे फारसे ध्यानात घेतले गेले नाही.

ठिणगी कशासाठी?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वर-खाली होत असतो. पहिल्या टप्प्यात पेट्रोल व हवेचे मिश्रण आत ओढले जाते, दुसऱ्यात ते दाबले जाते, तिसऱ्यात ते पेटून पिस्टनला खाली ढकलते आणि चौथ्यात जळालेला वायू बाहेर टाकला जातो. इंजिनाला शक्ती मिळते ती केवळ तिसऱ्या टप्प्यात आणि त्याचा आरंभ होतो स्पार्क प्लगच्या टोकाशी पडणाऱ्या ठिणगीने. डिझेल इंजिनाला ही ठिणगी लागत नाही. तेथे हवा इतक्या जोराने दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते.

ठिणगी नुसती पडून भागत नाही, ती वेळेवर पडावी लागते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. मिश्रण जळायलाही थोडा अवधी लागत असल्याने पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या किंचित आधीच ती पडावी लागते. फार लवकर पडली, तर इंजिन ठोके देऊ लागते; उशिरा पडली, तर शक्ती घटते आणि पेट्रोल वाया जाते.

तापलेल्या नळीपासून मॅग्नेटोपर्यंत

एतियेन लेन्वार यांनी १८६० मध्ये पॅरिसमध्ये तयार केलेल्या वायूवर चालणाऱ्या इंजिनात बॅटरी आणि कॉइलच्या साह्याने ठिणगी पाडली होती. पुढे जर्मनीत गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी वेगळा मार्ग धरला. बाहेरून ज्योतीने तापवलेली एक नळी ते मिश्रण पेटवण्यासाठी वापरत. कार्ल बेंझ यांनी मात्र आपल्या १८८६ च्या मोटारीसाठी विजेच्या ठिणगीवरच भिस्त ठेवली. त्यांच्या पत्नी बर्था बेंझ १८८८ मध्ये दोन मुलांना घेऊन हीच गाडी मॅनहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेल्या. वाटेत ठिणगीच्या तारेवरचे आवरण झिजले, तेव्हा त्यांनी मोज्याच्या पट्टीने ती तार झाकून घेतली, असे सांगतात. त्या काळच्या बॅटऱ्या लवकर संपत. म्हणून फिरत्या चुंबकातून वीज निर्माण करणारा मॅग्नेटो पुढे आला. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग सिद्ध केला आणि वेगवान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

हँडलचा झटका

ठिणगीचा प्रश्न सुटला, तरी इंजिनाला पहिला फेरा देण्याचा प्रश्न उरलाच. त्यासाठी गाडीच्या पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगीची वेळ ठरवणारी दांडी असे. ती योग्य जागी नेण्यास चालक विसरला, तर ठिणगी वेळेआधी पडून इंजिन उलट फिरे आणि हँडलचा फटका हातावर बसे. मनगटे मोडण्याचे प्रकार इतके होत की अंगठा हँडलभोवती आवळू नका, तो बोटांच्याच बाजूला ठेवा, असे नव्या चालकाला बजावले जाई. आवाज, धूर आणि हँडल नसलेल्या विजेच्या मोटारींना तेव्हा ग्राहक मिळत, त्याचे हेही एक कारण होते.

यावर उपाय काढला अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसवण्यात आला. ही मोटर सतत चालवायची नसून काही सेकंदच चालवायची आहे, तेव्हा तेवढ्यापुरता तिच्यावर मोठा भार टाकता येईल, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडे ‘सेल्फ मारणे’ म्हणतात, ते या सेल्फ-स्टार्टरमुळेच. त्यानंतर मोटार चालवण्यासाठी बाहूंच्या बळाची गरज उरली नाही. विजेच्या मोटारींचा एक मोठा फायदा मात्र नाहीसा झाला.

पॉइंट, कॉइल आणि पावसाळा

बॅटरीवर चालणारी प्रज्वलनाची सुटसुटीत पद्धतही केटरिंग यांचीच. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जाड वेढ्यांतून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला, की त्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि बारीक वेढ्यांत प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. पुढे रूढ झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून अशा रीतीने २० हजार व्होल्टच्या आसपास दाब मिळू लागला. प्रवाह तोडण्याचे काम ‘पॉइंट’ करत, तर तो पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करी.

मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या प्रीमिअर पद्मिनीत हीच यंत्रणा होती. पॉइंट जळत, झिजत. ते पॉलिश पेपरने घासून त्यांतील फट पुन्हा जुळवावी लागे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात पावसाळी ओल शिरली, की वीज भलत्याच वाटेने निघून जाई आणि गाडी बंद पडे. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसणे, हे त्या पिढीतील चालकांचे पावसाळी व्रतच होते.

संगणकाच्या हाती

क्रायसलरने १९७३ पासून आपल्या मोटारींत सरसकट इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आणले. पॉइंटची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ने १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एका मोटारीत ठिणगी आणि इंधन या दोन्हींचा ताबा एकाच संगणकाकडे सोपवला. भारतात २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि ‘एमपीएफआय’ इंजिने रूढ झाली. आता बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटर उरलेला नाही. इंजिनाचा वेग, भार, तापमान पाहून संगणक प्रत्येक ठिणगीची वेळ ठरवतो आणि ठोका ऐकू आला, की ती किंचित मागे घेतो.

किल्लीचे वाढते अधिकार

किल्ली आरंभी केवळ ठिणगीचा प्रवाह चालू-बंद करी. सेल्फसाठी वेगळे बटण असे. क्रायसलरने १९४९ मध्ये ही दोन्ही कामे किल्लीकडेच दिली. मग तिच्याकडे स्टिअरिंगचे कुलूप आले आणि पुढे चोरी रोखणारी सांकेतिक चिपही. या चिपची ओळख पटल्याखेरीज इंजिन सुरूच होत नाही. एअरबॅगसह सुरक्षेच्या इतर यंत्रणाही याच एका स्विचवर अवलंबून राहू लागल्या.

एवढे सारे एका ठिकाणी एकवटण्याचा धोका २०१४ मध्ये उघड झाला. जनरल मोटर्सला सदोष इग्निशन स्विचमुळे सुमारे २६ लाख मोटारी परत मागवाव्या लागल्या. स्विचमधील स्प्रिंगचा जोर अपुरा होता. जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि टक्कर झालीच, तर एअरबॅग उघडत नसत. भरपाईसाठी नेमलेल्या यंत्रणेने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

किल्लीऐवजी बटण आल्यावर हा धोका टळला, पण दुसरा उद्भवला. इंजिन इतके शांत झाले की ते बंद करायचेच राहून जाऊ लागले. घराला जोडलेल्या गॅरेजमधून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरून मृत्यू ओढवल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत.

विजेच्या मोटारीत ना ठिणगी, ना सेल्फ. तरीही ती सुरू-बंद करण्याची व्यवस्था कायम आहे. म्हणूनच जुडग्याचे ओझे किल्लीला न लटकवणे, गाडी चालू असताना किल्लीला हात न लावणे आणि उतरण्यापूर्वी इंजिन खरोखर बंद झाल्याची खात्री करून घेणे, या साध्या सवयी मोलाच्या ठरतात. हँडलचा धोका डोळ्यांना दिसत होता. किल्लीचा आणि बटणाचा धोका दिसत नाही, एवढाच काय तो फरक.