गंधकालाही वाफसा लागतो

चुनखडीच्या रानातल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की ती फसफसते. प्रयोगशाळेत अशीच चिमूटभर माती मी फ्लास्कमध्ये सोडते. आतल्या पाण्यात अमोनियम सल्फेट, फॉस्फेट आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साखर किंवा दुसरा कुठलाही सेंद्रिय पदार्थ नसतो. वर तरंगते ती गंधकाची पिवळी पूड. इथे बहुतेक जिवाणूंची उपासमार होते. गंधकाचा ऑक्सिजनशी संयोग घडवून त्या ऊर्जेवर जगणारे, आणि शरीरासाठी लागणारा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेणारे, तेवढेच वाढतात.

पूड निर्जंतुक करायला संयम लागतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमान असतं आणि गंधक त्याआधीच, ११५ अंशांच्या आसपास, वितळतं. मग त्याचे गोळे होतात. म्हणून ते १०० अंशांच्या वाफेत लागोपाठ तीन दिवस वाफवतात. पूड बारीक राहायलाच हवी, कारण जिवाणू कणाच्या पृष्ठभागाला चिकटून काम करतात.

सुरुवातीला काहीच घडत नाहीसं वाटतं. तयार होणारं आम्ल मातीतला चुना गिळत असतो. चुना संपला की सामू झपाट्याने उतरतो, तरंगणारी पूड ओली होऊन खाली बसू लागते, पाणी गढुळतं. त्यातले काही थेंब ताज्या द्रावणात, पुन्हा त्यातले पुढच्या द्रावणात, असं करत गंधकावर जगणारे जिवाणू वेगळे काढायचे.

रसायनांवर जगण्याची ही रीत सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८८७ मध्ये बेग्गियाटोआ या जिवाणूत दाखवली. पुढे १९२२ मध्ये न्यू जर्सीत सेल्मन वाक्समन आणि जेकब जॉफी यांनी मातीतून थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स वेगळा केला. आज त्याचं नाव अॅसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स आहे. तीव्र आम्लात तो मजेत वाढतो. चुनखडीच्या रानात मात्र सुरुवातीचं काम उदासीन सामूत रमणाऱ्या दुसऱ्या जाती करतात.

शेतात हीच गोष्ट मोलाची ठरते. पिवळं गंधक पाण्यात विरघळत नाही. मुळं घेतात ते सल्फेट. कांदा, लसूण, भुईमूग, सोयाबीन या गंधकाच्या भुकेल्या पिकांना पोतं फोडल्याबरोबर काही मिळत नाही. आधी जिवाणूंना ओल, ऊब आणि हवा मिळावी लागते. थोडक्यात, रान वाफशावर असावं लागतं. पाणी साचलं की हवा कोंडते आणि काम थांबतं. उलट सल्फेटमधून हायड्रोजन सल्फाइड करणारे जिवाणू जोर धरतात. मातीला कुजक्या अंड्यांचा वास येतो.

‘गंधक टाकलं की रानाचा सामू उतरतो’ हे मी वारंवार ऐकते. हिशेब करून पाहू. एक हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन ढोबळमानाने वीस लाख किलो. त्यात दहा टक्के चुना असेल, तर तो दोन लाख किलो. एक किलो गंधकापासून होणारं आम्ल सुमारे तीन किलो चुना संपवतं. म्हणजे सगळा चुना संपवायला साठ टनांहून जास्त गंधक लागेल. हे कुणालाच परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कणाभोवतीच्या इवल्याशा जागेत सामू उतरतो, तिथे अडकलेलं लोह, जस्त, स्फुरद मोकळं होतं. म्हणून गंधक रानभर फेकण्यापेक्षा मुळांच्या पट्ट्यात, शेणखतात मिसळून दिलेलं चांगलं.

चोपण जमिनीत आणखी एक फायदा होतो. आम्ल आणि चुना मिळून जिप्सम तयार होतं, त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं. पण निचरा नसेल तर सुटलेलं सोडियम तिथेच राहतं. त्यामुळे आधी चर खणायचे.

या सगळ्याला आठवडे लागतात. पात पिवळी पडल्यावर धावपळ करून दिलेलं गंधक त्या पिकाला वेळेवर क्वचितच पोचतं. ते लागवडीआधी, बेसल डोसमध्ये द्या, आणि नंतर पाणी बेताने सोडा. खताच्या पिशवीवर गंधकाची टक्केवारी छापलेली असते. ते पिकाला लागू करणारे जिवाणू जगवणं आपल्या हातात आहे.