प्रकाश कोणासाठीं? : प्रिटोरियाची एक शाळा

मुंबईच्या वानखेडे मैदानावर २५ ऑक्टोबर २०१५ रोजीं दक्षिण आफ्रिकेच्या संघानें भारताविरुद्ध ४३८ धावांचा डोंगर उभा केला. त्या दिवशीं शतक काढणाऱ्या तिघांपैकीं फाफ डु प्लेसी व ए. बी. डिव्हिलियर्स हे दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी. प्रिटोरिया शहरांतील ही मुलांची सरकारी शाळा आफ्रिकान्स माध्यमाची असून लोक तिला लाडानें 'आफीज' म्हणतात. तिच्या रग्बी संघाचें नांव 'पांढरे बैल'. खेळांत तिचा लौकिक मोठा आहे. परंतु तिचें खरें मर्म तिच्या बोधवचनांत आहे.

'लाट दार लिख वेस', म्हणजे 'प्रकाश होवो', हें तें वचन. बायबलांत सृष्टीच्या आरंभीं ईश्वर हेंच उद्गारतो. त्याच शहरांतील मुलांच्या जुन्या इंग्रजी शाळेचें बोधवचन लॅटिन आहे, आणि प्रतिष्ठित शाळांचा रिवाजहि तसाच. आफीजनें मात्र घरचीच भाषा निवडली. या निवडीमागें मोठा इतिहास आहे.

आफ्रिकान्स ही मूळची डच. १६५२ पासून केप प्रांतीं वसलेल्या डचांची भाषा तेथील खोई लोकांच्या, तसेंच पूर्वेकडील बेटें, हिंदुस्थान इत्यादि ठिकाणांहून आणलेल्या गुलामांच्या तोंडीं घोळून बदलत गेली. केळ्याला ती आजहि मलायी 'पिसांग' हाच शब्द वापरते. शिष्ट लोक तिला 'स्वयंपाकघरांतली भाषा' म्हणून हिणवीत. पुढें १९०२ सालीं बोअर लोक इंग्रजांशीं चाललेलें युद्ध हरले. लॉर्ड मिल्नर यांनीं शाळांतून इंग्रजीचें वर्चस्व स्थापिलें आणि पराभूतांच्या मुलांना परक्या भाषेंत शिकावें लागलें. इंग्रजी अमदानी पाहिलेल्या मराठी घरांना हें दुःख वेगळें समजावून सांगावयास नको.

अशा परिस्थितींत १९२० सालीं यान यूबेर व धर्मोपदेशक क्रिस नीथलिंग यांनीं ही शाळा काढिली. आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा १९२५ सालीं मिळाला, आणि संपूर्ण बायबल त्या भाषेंत १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे शाळा आधीं आली. राजमान्यता व धर्मग्रंथ मागाहून.

येथवरची कथा कोणासहि रुचेल. पुढची कडू आहे. १९४८ सालीं बोअरांचा राष्ट्रीय पक्ष अधिकारारूढ झाला. १९७४ च्या एका हुकुमान्वयें काळ्या मुलांवर गणितादि विषय आफ्रिकान्समधून शिकण्याची सक्ती झाली. १६ जून १९७६ रोजीं सोवेटोचे विद्यार्थी निषेधार्थ रस्त्यावर उतरले, आणि त्यांतील कित्येक पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ज्यांच्या वाडवडिलांनीं परक्या भाषेचा जाच सोसला, त्यांनींच तो दुसऱ्यांच्या लेकरांवर लादला!

१९९६ च्या संविधानानें, शक्य असेल तेथें, आपल्या पसंतीच्या राजभाषेंत सरकारी शाळेंत शिकण्याचा हक्क सर्वांस दिला. २००९ सालीं एर्मेलो येथील एका आफ्रिकान्स शाळेच्या खटल्यांत संविधान न्यायालयानें सांगितलें कीं, शाळेच्या चालकांनीं केवळ आपल्याच विद्यार्थ्यांचा नव्हे, तर भोवतालच्या समाजाचाहि विचार केला पाहिजे. २०२४ च्या कायद्यानें शाळांच्या भाषाधोरणावरील प्रांतिक शिक्षणखात्याचा अधिकार वाढविला, आणि त्यावरून मोठा वाद माजला.

मातृभाषेंतून शिकण्याची मागणी रास्त, हें आफीजच्या जन्मानें दाखविलें. ती सर्वांचीच मागणी आहे, हें सोवेटोनें शिकविलें. 'प्रकाश होवो' या वचनांत तो कोणासाठीं, हें सांगितलेलें नाहीं. त्याचें उत्तर शाळा चालविणाऱ्या प्रत्येक पिढीला द्यावें लागतें.