फुलांची शुभेच्छापत्रे घरच्या घरी

दिवाळी जवळ आली, की घरोघरी दोन याद्या होतात. एक वाणसामानाची, दुसरी, ज्यांना शुभेच्छा पाठवायच्या त्यांची. पहिली यादी आपण ओळ न् ओळ तपासतो. दुसरीचं काम मात्र हल्ली एका बोटावर भागतं. कुठून तरी आलेलं पणत्यांचं चित्र आपण तसंच पुढं पाठवतो, आणि क्षणात ते पन्नास घरी पोचतं. पोचतं खरं, पण ते कुणाच्या मनात राहतं का?

छापील शुभेच्छापत्राची चाल तशी फार जुनी नाही. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांना नाताळात साऱ्या मित्रांना पत्रं लिहायला सवड होईना, म्हणून त्यांनी एका चित्रकाराकडून चित्र काढवून हजारभर प्रती छापून घेतल्या. म्हणजे मूळ कारण सवड नसणं हेच! आपल्याकडे संक्रांतीला पाकिटात छोटंसं कार्ड आणि हलव्याचे चार दाणे घालून परगावी पाठवण्याची रीत होती. त्या चार दाण्यांनी तोंड काय गोड होणार? पण ते कुणीतरी हाताने मोजून घातलेले असत, एवढं खरं. आज आपण कार्ड करायचं ते याच रीतीचं. त्याला चित्रकला यायला नको. फुलं, कागद आणि थोडा धीर, एवढं पुरे.

पहिलं काम फुलं वाळवण्याचं. ते पंधरा दिवस आधी हाती घ्या. फुलं सकाळी दव उडून गेल्यावर, साधारण दहाच्या सुमारास तोडावीत. ओली फुलं काळी पडतात. पातळ पाकळीची फुलं घ्या: तेरडा, सदाफुली, कॉसमॉस, गोकर्ण, बोगनवेल. झेंडू आणि गुलाब अख्खे नकोत, त्यांच्या पाकळ्या सुट्या करा. जास्वंद चिकट होते, चाफा आणि मोगरा तपकिरी पडतात. त्यांना देवघरातच राहू द्या. हिरव्यासाठी नेचा, गाजराचा पाला किंवा कोथिंबिरीचं पान उत्तम. आणि एक विनंती. सातारजवळच्या कास पठारावर किंवा रानात फिरायला गेलात, तर तिथली फुलं तोडू नका. त्यांचं बी तिथंच पडायला हवं. आपल्या कुंडीतलं आणि कुंपणावरचं आपल्याला भरपूर आहे.

टीपकागदाच्या दोन तावांमध्ये फुलं एकमेकांना न लागतील अशी मांडा. टीपकागद नसेल तर जुनं वर्तमानपत्र चालेल, पण फुलाला लागून कोरा कागद असू द्या. वर एक फळी आणि फळीवर घरातला पाटा किंवा चार जाड पुस्तकं. दुसऱ्या दिवशी कागद बदला, तिसऱ्या दिवशी पुन्हा बदला. हा कंटाळा करू नये; फूल बिघडतं ते बहुधा इथंच. पाण्याचा अंश जितका लवकर निघेल तितका रंग टिकतो. रेंगाळला तर बुरशी धरते. आठ-दहा दिवसांनी फूल हळूच उचलून गालाला लावून पाहा. गार लागलं, तर अजून ओल आहे.

रंगांचा स्वभावही थोडा ओळखावा. झेंडूचा पिवळा-केशरी रंग चिवट, तो पुष्कळ दिवस टिकतो. गोकर्णाचा निळा आणि तेरड्याचा गुलाबी हे पाण्यात विरघळणारे, नाजूक. गोकर्णाच्या पाण्यात लिंबू पिळा, ते जांभळं-गुलाबी होतं. तेव्हा ओल लागली की हे रंग का बदलतात ते कळेल. पांढऱ्या फुलात तर बहुतेक रंग नसतोच. पाकळीतल्या हवेमुळे ते पांढरं दिसतं, आणि दाबलं की पिवळट होतं. म्हणून पांढऱ्याचा मोह टाळावा.

आता कार्ड. नेहमीच्या टंकलेखनाच्या मापाचा, पण जाड असा कागद मधोमध कापा. एका तावात दोन कार्डं होतात. हातकागद मिळाला तर फारच छान. पुण्यात १९४० सालापासून हातकागदाची संस्था आहे. घडीच्या रेघेवर पट्टी धरून विणायच्या सुईचं बोथट टोक एकदा दाबून फिरवा, मग घडी मोडा. कडा फाटत नाही.

फुलं आधी नुसती मांडून पाहा. एक फूल, एक पान, बाकी जागा मोकळी. सगळी बाग एका कार्डावर लावायची नाही. मनासारखं झालं, की काडीच्या टोकाने डिंकाचा अगदी बारीक ठिपका फुलाच्या मध्यावर आणि देठावर लावून ते बसवा. डिंक जास्त झाला, की नाजूक रंग कागदावर उतरतो. वरून ट्रेसिंग पेपरची झडप लावावी आणि कार्ड रात्रभर वजनाखाली ठेवावं. पाकीट कार्डाहून सगळीकडे अर्धा सेंटिमीटर मोठं असावं.

राहिला मजकूर. इथं माझीच एक चूक सांगते. एका दिवाळीत मी छापील कार्डांचा गठ्ठा आणला आणि यादी पाहून भराभर पत्ते घातले. त्यातलं एक, ‘आनंदाची उधळण होवो’ असं छापलेलं, माझ्या एका मैत्रिणीकडे गेलं. तिचे वडील त्याच श्रावणात गेले होते. मला ते ठाऊक होतं. पण हात यादीप्रमाणे चालला होता. ती काही बोलली नाही. मलाच तिच्या दारी जायचा संकोच वाटू लागला. शेवटी नेच्याचं एक पान आणि एक गोकर्ण लावून मी कार्ड केलं आणि आत लिहिलं, ‘यंदा तुझ्याकडे फराळ नसेल. भाऊबीजेनंतर डबा घेऊन येते.’ दार उघडताना तिच्या हातात तेच कार्ड होतं.

हाताने कार्ड करण्याचा खरा लाभ हाच. एका कार्डाला अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ ते माणूस आपल्या डोळ्यांपुढे असतं. मग चुकीचे शब्द लिहिले जात नाहीत. पन्नास जमणार नाहीत, पाच करा. यादीतली कोणती पाच नावं, ते तुम्हांला मनातून ठाऊक असेलच. बागेतली फुलं उद्या सकाळी उमलणारच आहेत. दहा वाजायच्या सुमारास एकदा फेरी मारून या.